मुळं वर, पानं खाली

तांबे मॅडमची खुर्ची ऑफिसात कधी रिकामी नसायची, पण त्या खुर्चीत तांबे मॅडमही कधी नसायच्या. कुणाची छत्री, कुणाचा डबा, कुरियरचं खोकं, एकदा तर आमच्या रोहितच्या बहिणीच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, असं काय काय तिच्यात बसलेलं असायचं. मॅडम उभ्या. फायलींच्या कपाटावर लॅपटॉप ठेवायचा, एका पायातली चप्पल काढायची आणि बगळ्यासारखा एका पायावर भार देऊन कोड लिहायचा. मध्येच बोटं थांबायची. मग ऑफिसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी. वाटेत कुणाच्या तरी स्क्रीनवर बोट टेकवून "हे असं का?" विचारायच्या, आणि समोरच्यानं तोंड उघडेपर्यंत पुढे गेलेल्या असायच्या. मागे बोटाचा ठसा तेवढा राहायचा. माझ्या स्क्रीनवर ठसे सगळ्यात जास्त, कारण मी टेस्टिंगला होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हे माझं काम, आणि मॅडमना स्वतःच्या चुका कळून घ्यायची भारी घाई.

ऑफिस घोडबंदर रोडला, पातलीपाड्याच्या अलीकडे, एका टाइल्सच्या शोरूमच्या वर. माणसं जेमतेम डझनभर. मालक कर्णिक सर, सज्जन माणूस, आवाज चढवून बोलले की स्वतःच ओशाळायचे. मी वर्तकनगरहून यायचे. मॅडम कल्याण पूर्वेहून, काटेमानिवलीतून, भिवंडी बायपासच्या बसनं. कापूरबावडीला त्या बस बदलायच्या आणि तिथून पुढे बऱ्याचदा आम्ही एकाच बसमध्ये असायचो. एकदा मानपाड्याच्या आधी बस अशी अडकली की ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं. मॅडमनी खिडकीतून पुढे पाहिलं, मागे पाहिलं, मला म्हणाल्या, चल उतरू. मी नाही उतरले, ऊन होतं. त्या पाठीवर लॅपटॉपची बॅग टाकून गाड्यांच्या मधून चालायला लागल्या. मी ऑफिसात पोचले तेव्हा त्यांचा अर्धा कप चहा माझ्या टेबलावर थंड झालेला होता. त्या नेहमी अर्धाच चहा प्यायच्या, उरलेला जिथे विसरतील तिथे. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा होता तरी त्या मानपाड्याला उतरून चालत आल्या. मी म्हटलं, मॅडम, आज तर ट्रॅफिक नव्हता. म्हणाल्या, लागला असता तर?

लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरी आई आणि त्या. आई महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, अगदी शांत बाई. दर रविवारी त्या विहारात वंदना सांगायच्या, त्यांच्यासमोर सगळी वस्ती मांडी घालून बसायची. मुलगी मात्र दाराबाहेर, आत आलेल्यांच्या चपला जोड्याजोड्यानं लावत. हे मला आईंनीच सांगितलं, मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलेले तेव्हा. मॅडमना त्यांनी एकदा विपश्यनेच्या शिबिरालाही पाठवलं होतं. मॅडम अर्ध्यातूनच परत आल्या. का आलात, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "सगळे श्वासाकडे बघत होते गं, मी दाराकडे."

आता त्यांच्या एका प्रश्नाबद्दल सांगायला हवं, कारण त्या प्रश्नावरूनच आमच्याकडे त्यांना सगळे ओळखायचे. वेबसाइट हल्ली कुणी शून्यापासून बांधत नाही. आयता सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. माहितीचे तक्ते कसे असावेत ते आपण त्याला सांगायचं, बाकीचं बरंचसं ते बघतं. पण एखादी नोंद तिच्या वरच्या नोंदीला जोडायची म्हटली, की आमचं फ्रेमवर्क एक गोष्ट विचारल्याशिवाय पुढे जाऊच द्यायचं नाही. वरची नोंद कुणी पुसली, तर खालच्यांचं काय करायचं? त्यांनाही पुसायचं, का वरचीला पुसूच द्यायचं नाही, का खालच्यांना अनाथ सोडायचं? आम्ही बाकीचे यातलं सुचेल ते टाकून मोकळे व्हायचो. मॅडम तिथे अडायच्या. कुणीही फळ्यावर चौकटी काढल्या की त्या सगळ्यात वरच्या चौकटीवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आणि हा गेला तर खालच्यांचं काय?"

एका दसऱ्याला रोहितनं फळ्यावर सरावासाठी आमच्याच ऑफिसचा तक्ता काढला होता. सगळ्यात वर कर्णिक सर. मॅडमनी बोट ठेवलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "आणि कर्णिक सर गेले तर खालच्यांचं काय?" दारात पूजेचं ताट घेऊन कर्णिकांच्या पत्नी उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना नमस्कार केला, आपट्याचं पान घेतलं आणि रोहितकडे वळून म्हणाल्या, "सांग ना." त्या वर्षी प्रसादाचे पेढे आमच्याकडे जरा उशिरा आले.

कल्याणच्या नंदूशेठचं काम आमच्याकडे आलं ते मॅडममुळेच. शेठची कंपनी घरगुती वस्तू विकायची, धुण्याची पावडर, फिनाइल, मसाले, साबण. दुकानं नव्हती. बायकाच विकायच्या, आणि विकता विकता दुसऱ्या बायकांना जोडायच्या. जिनं जोडलं ती वर, जिला जोडलं ती खाली. खालचीनं विकलं की वरचीलाही त्यातलं थोडं मिळायचं, तिच्या वरचीलाही थोडं, असं अगदी शेठपर्यंत. कल्याण, डोंबिवली, टिटवाळा, भिवंडी, हजारो बायका. कोण कुणाच्या खाली हे शेठची दोन माणसं एक्सेलमध्ये सांभाळत होती आणि त्यात रोज भांडणं. हे सगळं वेबसाइटवर आणायचं होतं. मॅडमनी कपाटाच्या दारावर कागद चिकटवून त्याचं झाड काढलं. आमच्या धंद्यात झाड उलटं काढतात, मूळ वर आणि पानं खाली. मॅडम त्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "काढलं उलटं तरी पाणी खालूनच चढतंय."

पहिल्या बैठकीत शेठनी एक गोष्ट बजावून सांगितली. सदस्याच्या नोंदीत काहीही बदल झाला तर त्या सदस्याला लगेच मेसेज गेला पाहिजे, जुनं काय होतं आणि नवं काय झालं यासकट. पूर्वी कुणीतरी परस्पर नंबर बदलून त्यांच्या बायका पळवल्या होत्या. मॅडमना ही मागणी फार आवडली. एरवी ग्राहकांच्या मागण्यांवर त्या नाक मुरडायच्या, पण शेठ शहाणा माणूस आहे असं त्यांनी आम्हा सगळ्यांना फिरून फिरून सांगितलं.

पहिल्यांदा त्यांनी सोपा मार्ग धरला. प्रत्येक बाईच्या नोंदीत फक्त एवढंच लिहायचं, की तिच्या लगेच वर कोण. ते चाललं. मग बायकांना ऍप दाखवायला आम्ही कल्याणला गेलो. बाजाराच्या मागे एक हॉल होता, तिथे बायका रांगेनं येत होत्या आणि मॅडम एकेकीला तिची माणसं स्क्रीनवर दाखवत होत्या. तिथे कुसुमताई गायकर आल्या. खाडीकाठच्या गावातल्या, पन्नाशीच्या, काठापदराची साडी, हातात मसाल्याच्या पाकिटांनी भरलेली पिशवी. शेठच्या माणसानं कानात सांगितलं की ही आमची सगळ्यात मोठी बाई, हिच्या खाली निम्मं कल्याण आहे.

कुसुमताई म्हणाल्या, माजी मानसं दाखव. मॅडमनी बटण दाबलं. स्क्रीनवर चकती फिरायला लागली आणि फिरतच राहिली. कारण मशीनला आधी कुसुमताईंच्या खालच्या शोधायच्या, मग त्यातल्या एकेकीच्या खालच्या, मग त्यांच्या खालच्या, असं उतरत जायचं होतं. मागे रांगेत कुजबूज सुरू झाली. मॅडम एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या, लॅपटॉपच्या कडेवर बोटं वाजवत होत्या. शेवटी कुसुमताईंनीच त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे बाय," त्या म्हणाल्या, "तुजा मशीन दमला."

आम्ही बसनं ऑफिसला परत निघालो. दुर्गाडीच्या पुलावर मॅडमनी मला विचारलं, ती हसून बोलली ना? मी म्हटलं, हो. म्हणाल्या, तेच वाईट.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की झाडाची मांडणी मुळापासून बदलायची. कर्णिक सरांनी विचारलं, झालेलं काम परत का करायचं, तेव्हा मॅडमनी सगळ्या ऑफिसला उठवून उभं केलं. सरांनाही. प्रत्येकानं आपल्या वरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. कर्णिक सर सगळ्यात पुढे, त्यांच्या खांद्यावर रोहितचा आणि आणखी दोघांचा हात, रोहितच्या खांद्यावर माझा, माझ्या खांद्यावर अकाउंट्सच्या शुभदाचा, असं करत लिफ्टच्या दारापर्यंत. मग त्यांनी रोहितला विचारलं, तुझ्या खाली किती माणसं? त्यानं मागे वळून मला विचारलं, मी शुभदाला, तिनं मागच्याला. उत्तर फिरून येईपर्यंत शुभदाचा फोन वाजला आणि मोजणी चुकली.

"ही आपली आत्ताची पद्धत," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि त्यावर सगळ्यात वरपासून स्वतःपर्यंतची नावं ओळीनं लिहायला लावली. माझ्या चिठ्ठीवर कर्णिक, रोहित, मी. शुभदाच्या चिठ्ठीवर कर्णिक, रोहित, मी, शुभदा. आता ज्यांच्या चिठ्ठीवर रोहितचं नाव आहे त्यांनी हात वर करा. एका दमात सगळे हात वर. कर्णिक सर खूश झाले. तेवढ्यात मॅडमनी रोहितचा हात सरांच्या खांद्यावरून काढला आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या मागे उभं केलं. म्हणाल्या, पहिल्या पद्धतीत फक्त रोहितनं हात हलवला, काम झालं, मागच्या कुणाला पत्ताही नाही. पण चिठ्ठ्यांच्या पद्धतीत बघा, रोहितच्या मागच्या प्रत्येकाला आपापली चिठ्ठी खोडून नवी लिहावी लागणार. फांदी हलवणं महाग. सर म्हणाले, पण फांद्या कोण कशाला हलवेल? मॅडम म्हणाल्या, हो, तेही खरंच.

चिठ्ठ्यांची पद्धत घातली आणि आम्ही पुन्हा कल्याणला गेलो. कुसुमताईंची यादी बटण दाबताक्षणी उघडली. त्यांनी चष्मा लावला, बोटानं यादी वर सरकवत राहिल्या, ती संपेना. त्या हसल्या. ही सगळी माजी, असं त्यांनी दोनदा विचारलं. एकेका घरात बसून, पाणी मागून, पावडर त्यांच्याच मोरीत वापरून दाखवून त्यांनी ही माणसं जोडली होती, पण सगळी एका ठिकाणी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. निघताना त्यांनी मॅडमच्या पिशवीत मसाल्याची पाकिटं कोंबली. मॅडम नको नको म्हणत हॉलभर फिरल्या, कुसुमताई त्यांच्या मागे. शेवटी मसाला माझ्याकडे आला.

पुढचं सगळं एका धुण्याच्या पावडरीवरून झालं. तिचा एक लॉट खराब निघाला. बायकांच्या हातांची कातडी सोलायला लागली. कुसुमताईंनी आपल्या खालच्या सगळ्यांना ती पावडर विकायची नाही म्हणून कळवलं आणि शेठच्या गोदामावर जाऊन, चार माणसांसमोर, माल परत घ्यायला सांगितलं. शेठनी माल परत घेतला. पण नंतर काही दिवसांनी त्यांचा कर्णिक सरांना फोन आला. कुसुमताईंच्या खालची सगळी माणसं काढून शेठच्या मेहुण्याच्या, प्रकाशच्या, खाली टाकायची. कुसुमताईंची नोंद आहे तशी राहू द्यायची. फक्त त्यांच्या खाली कुणी नाही.

सरांनी हे मॅडमना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मला वाटलं त्या भडकतील. त्या भडकल्या नाहीत. खिडकीपर्यंत एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, सिस्टीम शेठची आहे, बदल करता येईल. दोन दिवसांत त्यांनी फांदी हलवायचा कोड लिहिला आणि मला चाचणीच्या प्रतीवर चालवून बघायला सांगितला. मी चालवला. फांदी हलली, आणि मेसेजच्या रांगेत नावांमागून नावं येऊन उभी राहायला लागली. कारण चिठ्ठी प्रत्येकीची बदलली होती. पहिली पद्धत असती तर प्रकाशच्या हाताखाली थेट गेलेल्या मोजक्या बायकांना कळलं असतं. आता निम्म्या कल्याणला कळणार होतं, की कालपर्यंत तुमच्या वर कुसुम गायकर होत्या, आजपासून प्रकाश आहे.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. मेसेज जाणार म्हटल्यावर सर म्हणाले, एवढ्या वेळेपुरते बंद ठेवा.

"तसं शेठना मेलवर लिहून पाठवायला सांगा," मॅडम म्हणाल्या. "बदल झाला की मेसेज, हे त्यांनीच सांगितलंय. माझ्या मनानं मी बंद करणार नाही."

सरांनी शेठना फोन लावला. शेठचं म्हणणं, लिहायचं कशाला, तोंडी सांगितलं ना. सरांनी मॅडमना तेच सांगितलं. मॅडमनी तेच उत्तर दिलं. असा तो निरोप दोनतीन दिवस येत-जात राहिला, आणि त्या दिवसांत मॅडमच्या फेऱ्या अशा वाढल्या की शुभदा म्हणाली, बसा हो मॅडम, मला चक्कर येतेय. मलाही काम सुचत नव्हतं. सरांचं चुकतंय म्हणावं तर आमच्या सगळ्यांचे पगार त्या एका कामावर उभे होते. मॅडमचं चुकतंय म्हणायला मात्र जीभ वळत नव्हती.

शेवटी शेठनी वैतागून सांगितलं, आजच्या आज करा नाहीतर काम दुसरीकडे देतो. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मॅडम लॅपटॉप हातावर घेऊन सरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, मी आता चालवतेय. मेसेज चालू आहेत. थांबवायचं असेल तर आत्ता सांगा."

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. मॅडमकडे पाहिलं. त्यांचा फोन वाजत नव्हता, तरी त्यांनी तो उचलला आणि बाल्कनीत गेले. मॅडम थोडं थांबल्या. मग त्यांनी बटण दाबलं.

ऑफिसात काहीच झालं नाही. पंखे फिरत होते, खाली टाइल्सच्या शोरूममध्ये कुणीतरी फरशी कापत होतं. मॅडम कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच मी त्यांना दोन्ही चपला घालून काम करताना पाहिलं.

कल्याणला काय झालं ते आम्हाला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. बायकांना वाटलं, कुसुमताई गेल्या, म्हणजे वारल्या. काहीजणी थेट त्यांच्या गावी पोचल्या, तर ताई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. तिथून सगळ्या मिळून शेठच्या गोदामावर. आमच्याकडे टिटवाळ्याच्या एकीचा फोन आला, तो मीच घेतला. तिनं विचारलं, आमाला इकलं काय हो तुमी?

संध्याकाळ व्हायच्या आत शेठनी फांदी परत पहिल्या जागी लावायला सांगितली. मॅडमनी लावली. पुन्हा प्रत्येकीला मेसेज गेला, कालपर्यंत प्रकाश, आजपासून कुसुम गायकर. त्यावर ऑफिसात कुणीतरी फिसकन हसलं, पण मॅडम हसल्या नाहीत.

शेठनी काम काढून घेतलं. त्यांचा तो हक्कच होता. कर्णिक सरांनी मॅडमना एका शब्दानं बोल लावला नाही, पण महिन्याभरात अर्धा मजला सोडावा लागला, आणि रोहितला आणि त्याच्याबरोबरच्या एका मुलीला दुसरी नोकरी बघायला सांगावं लागलं. रोहितच्या बहिणीचं बाळंतपण तेव्हा त्यांच्याच घरी होतं. हे कळलं त्या दिवशी मॅडम मानपाड्याला नाही, कापूरबावडीलाच उतरून चालत आल्या असाव्यात, कारण आल्या तेव्हा साडीचा काठ धुळीनं पांढरा झाला होता. पुढे त्यांनी ओळखीतल्या सगळ्यांना फोन केले. ऐरोलीच्या एका कंपनीत रोहितची मुलाखत ठरली तेव्हा त्याच्याबरोबर गेल्या आणि तो आत असेपर्यंत कंपाउंडच्या बाहेर फेऱ्या मारत राहिल्या. वॉचमननं दोनदा हटकलं. ती नोकरी रोहितला मिळाली नाही, त्याच्या पुढची मिळाली. त्या सगळ्या काळात फळ्यावरच्या वरच्या चौकटीवर बोट ठेवून त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

कुसुमताईंचा फोन त्यांना आला होता. ताईंनी शेठची कंपनी सोडली आणि आपले आपण मसाले विकायला लागल्या. पण त्यांच्या माणसांपैकी निम्म्याच त्यांच्याबरोबर गेल्या, बाकीच्या शेठकडेच राहिल्या. मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा त्या अशा चिडलेल्या होत्या की वाक्य पुरं होईना. एवढं सगळं झालं आणि त्या राहिल्या कशा, असं त्यांनी कुसुमताईंनाच विचारलं होतं. त्यावर ताई काय म्हणाल्या ते त्यांनी मला ताईंच्या आवाजातच सांगितलं.

"ज्याला ऱ्हायाचा त्यानं ऱ्हावा बाय. त्यांनाबी पोटं हायेत. पन आता सगला कलून ऱ्हातील."

मॅडमना हे पटलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. त्याच महिनाअखेरीला त्यांनी राजीनामा दिला. सरांनी तो घ्यायला वेळ लावला. बऱ्याच दिवसांनी एकदा सर माझ्याशी बोलता बोलता म्हणाले, "मी बाल्कनीत गेलो तेव्हा मला वाटलं, मी आत येईपर्यंत त्या थांबतील." मग स्वतःच म्हणाले, "नाही. त्या थांबणाऱ्यातल्या नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून तर गेलो."

नंतर मॅडम घरूनच कुणाकुणाची कामं घेतात असं ऐकत होते. फोन व्हायचा, तोही त्यांच्याकडून, मध्येच तुटणारा. मग फोनही कमी झाले.

गेल्या वर्षी एका साखरपुड्याला मी कल्याणला गेलेले. स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकवरून चालले होते, आणि समोरून तांबे मॅडमच्या आई येताना दिसल्या. अंगावर घरातली साडी, पायात दोन वेगळ्या चपला. त्या कुणाकडेही न बघता, पण कुठेतरी नक्की जायचं असल्यासारख्या चालत होत्या. त्यांच्या मागे, एका पावलाच्या अंतरावर, मॅडम.

मी पुढे होऊन आईंना नमस्कार केला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे गोड हसून बघितलं आणि बाजूनं पुढे निघाल्या. मॅडमनी मला इशारा केला की चालत चालत बोल. आईंना विसरायला व्हायला लागलं, त्याला वर्ष होऊन गेलं, असं त्यांनी सांगितलं. सकाळ-संध्याकाळ त्या घराबाहेर पडतात. दार बंद ठेवलं तर रडतात, थोपवलं तर घाबरतात. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, फक्त एकट्या सोडू नका.

मी विचारलं, मग आता कुठे निघालात?

"मला काय माहीत," मॅडम म्हणाल्या. "ती जाईल तिकडे."

हे त्या कुरकुरत म्हणाल्या नाहीत. त्यांची नजर आईंच्या पावलांवर होती. आई फार हळू चालत होत्या, आणि मॅडम त्याहून हळू, पाऊल उचलून हवेत धरल्यासारख्या. जिना आला तिथे आई थांबल्या. खाली रिक्षावाले भाड्यासाठी ओरडत होते, गजरेवालीनं टोपलीवर पाणी मारलं. आईंनी एक पायरी उतरायला पाय पुढे केला, मागे घेतला, आणि आल्या वाटेनं परत वळल्या. मॅडमनी त्यांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. कडेला होऊन त्यांना वाट दिली, माझा हात घाईनं एकदा दाबला आणि त्यांच्या मागून चालू लागल्या.